काठावर नाव घेत न्हाईत

आमच्या गावात गंगेच्या काठावर कुणी कुणाला नावानं हाक मारत न्हाई. गंगा म्हणजे गोदावरी, आमी तिला गंगाच म्हणतो. गावात खुशाल बोंबला, पण उतार उतरून सादड्याच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडांपाशी आलं की तोंडाला लगाम. "ए", "ओ", "अगं", न्हाईतर सरळ शिट्टी. धुण्याला आलेल्या बाया तर धोपाटणं दगडावर आपटून एकमेकींना बोलावतात. कारण काय, तर सादड्यावर मोठं पाखरू बसतं. ते नाव ऐकतं, पाठ करतं, अन् ज्याचं नाव त्यानं पाठ केलं तो माणूस आठ दिवसांच्या आत जातो. पाखराचंबी नाव घ्यायचं न्हाई. मोठं पाखरू म्हणायचं, बस.

मी लग्न होऊन आले तवा ह्या गोष्टीला हसले होते. बारावी झालेली मी, माहेर पेडगावचं, मला काय कुणी असलं शिकवलं न्हवतं. पहिल्याच हप्त्यात धुणं धुताना शेजारणीला नावानं हाक मारली, तर सासूनं ओल्या हातानं माझं तोंडच दाबलं. हाताला शेवाळाचा वास होता. त्या दिवसापासून मीबी गप. चौदा वर्षं झाली. माणसाला कशाचीबी सवय लागते.

सासूला मी आत्याबाई म्हणते. नाव चांगुणाबाई. वय पासष्टीच्या घरात, अंगानं चिपाड, पण पोटऱ्या अजून टणक. जन्म गेला खेकडे धरण्यात. सादड्याची पाच झाडं काठाला हायेत, त्यांची मुळं पार पाण्यात उतरलीत. त्या मुळांच्या बिळात हात घालून ती खेकडा काढते. जवळ लोखंडी आकडी असते, पण ती नावाला. खरं काम बोटांचं. उजव्या हाताचं एक बोट खेकड्याच्या नांगीनं वाकडं झालंय, भाकरी थापताना ते तेवढं वर राहतं.

त्या पाच झाडांवरच घाला आला. दिवाळीनंतर ग्रामसभा झाली, गावाला सिमेंटचा घाट मंजूर झाला होता अन् जागा धरली होती नेमकी सादड्याची. माणिकराव आमचे लय वर्षांपासूनचे सरपंच. माणूस वाईट न्हाई, पण एकदा बोलले की दगडावरची रेघ. त्यांनी ठराव वाचला, सगळ्यांनी माना हलवल्या. तवा आत्याबाई उठली. सभेत ती कधी बोलली न्हवती. म्हणाली, तिथं मोठ्या पाखराचं घर हाय, तिसऱ्या झाडाच्या ढोलीत, दर साली पिलू असतं. घाट खालच्या अंगाला बांधा, तिकडं नुसती वेडी बाभळ हाय.

सभा हसली. माणिकराव म्हणाले, ज्या पाखराच्या भ्यानं बायका काठावर तोंड उघडत न्हाईत, ते गेलं तर बरंच की. अन् ते हाय कशावरून, तू म्हणतीस म्हणून? मागून कुणीतरी टाकलं, खेकडेवालीला घुबड न्हाई दिसणार तर काय मोर दिसणार. आत्याबाई खाली बसली. आमच्या बौद्धवाड्यात येईस्तोवर तिनं तोंडावरचा पदर काढला न्हाई. त्या रात्री ती जेवणाच्या ताटालाबी शिवली न्हाई, अन् मला माझ्याच गावाची चीड आली.

जानेवारीत शिवकांत सर आले. पाथरीचे, लिंगायताघरचे, कॉलेजात शिकवतात. गंगेच्या खोऱ्यातली पाखरं मोजायचं काम त्यांनी काढलं होतं, त्यातही घुबडं जास्तीची. दर गावाला दोन माणसं घ्यायची, एकाला लिहितावाचता यावं. आमच्या गावात माझं नाव निघालं. जोडीदार घरचाच चालेल म्हणाले. आमचे हे, नागसेन, चुडाव्याच्या स्टेशनावर ऑटो चालवतात, त्यांना सवड न्हाई. मी आत्याबाईला घेतलं.

शाळेच्या व्हरांड्यात सरांनी सगळं समजावून सांगितलं. मासे-खेकडे खाणारं मोठं घुबड या पट्ट्यात लय वर्षांत कुणी कागदावर आणलेलं न्हाई. त्याचं घरटं सापडलं तर झाडाला हात लावता येणार न्हाई. अहवाल एक फेब्रुवारीला जाणार. माणिकराव तिथंच खुर्चीवर होते. ते म्हणाले, "कागदावर दाखवा, मी सोता घाट खाली सरकवतो. पर कागदावर."

मी आत्याबाईकडं बघितलं. ती सरांच्या हातातल्या दुर्बिणीकडं बघत होती.

काम सोपं वाटलं होतं, सोपं न्हवतं. पहाटे साडेपाचला निघायचं, काठाकाठानं अडीच कोस चालायचं, दर थांब्याला दहा मिनिटं उभं राहायचं अन् दिसेल ते पाखरू फॉर्मात भरायचं. गाळात चप्पल रुतते म्हणून हातात घ्यायची, तर बाभळीचे काटे. थंडीनं माझ्या टाचा उलल्या, रात्री त्यात मेण भरायचे अन् सकाळी ते मेण गाळातच ऱ्हायचं. आत्याबाई पुढं. तिला थांबे सांगावे लागत न्हवते. चक्रवाकाला ती तांबडं बदक म्हणायची, शेकाट्याला लांबटांग्या. सरांनी तिची नावं माझ्या फॉर्मात वेगळ्या रकान्यात लिहायला लावली. ते ऐकून ती दिवसभर गालात हसत होती.

दुर्बीण मात्र एकच होती. पहिल्या दिवशी आत्याबाईनं बघून परत दिली, तर सरांबरोबरच्या एकानं खिशातला रुमाल काढून दोन्ही काचा पुसल्या. माणिकरावांनी बघितलं तवा पुसल्या न्हवत्या. हे मी बघितलं, सरांनीबी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढून आत्याबाईच्या गळ्यात घातली अन् काम होईस्तोवर तुमच्याजवळच ठेवा म्हणाले. मला बरं वाटलं, पण तो रुमाल काय डोळ्यांपुढून गेला न्हाई.

संध्याकाळची पाळी सादड्याखाली. आत्याबाईनं मला आधी पाखरू न्हाई दाखवलं, जमीन दाखवली. झाडाखाली खेकड्यांची फुटकी टरफलं, नांग्या, माशाचे खवले. बुंध्यावर चुन्यावानी पांढरे ओघळ. म्हणाली, "हे माज्या आधी जेवून जातं. मी ज्या बिळातला न्हाई काढला, तो ह्यानं काढलेला असतो." पुढं तिसऱ्या झाडाच्या ढोलीकडं बोट केलं, तेच वाकडं बोट. आत कापसाचा गोळा हलल्यागत काहीतरी हललं. पिलू होतं.

नोंदीचा नियम एकच होता, तो मी वहीत लिहूनबी घेतला होता. आवाज टिपायचं यंत्र चालू करायचं, तारीख सांगायची, ठिकाण सांगायचं, दोघांनी आपापलं पूर्ण नाव सांगायचं, अन् न थांबता पुढं पाखराचा आवाज यायला पायजे. मधी तोडायचं न्हाई. म्हणजे कुणी दुसरीकडचा आवाज आणून जोडला असं म्हणायला जागा नको.

सोळा तारखेला पाखरू आलं. एवढं मोठं अंग, पण पंखाचा आवाज म्हणून न्हाई. मुळीवर बसलं अन् छातीतून आवाज काढला, हुम्म, हुम्म. मी यंत्र चालू केलं. तारीख सांगितली, ठिकाण सांगितलं, अन् नावाशी आले तर आत्याबाईनं माझं मनगट धरलं. मी थांबले. खोटं कशाला बोलू, मलाबी ते काठावर म्हणवलं नसतं. मनात म्हणलं, नाव काय, फॉर्मावर लिहिलेलं हायच की. अन् यंत्रात म्हणले, "दोघी हजर." पुढं पाखराचा आवाज स्वच्छ आला. एकवीसला अजून एक नोंद झाली, पंचवीसला तिसरी. तिन्हींत दोघी हजर.

एकोणतीसला सरांनी व्हरांड्यात यंत्र लावलं. आवाज ऐकून आधी ते खुर्चीतून उठलेच. तोच हाय, म्हणाले, तोच. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं अन् त्यांचा चेहरा उतरला.

"बबिताताई, कोण दोघी?"

मी सांगायला लागले, पण काय सांगणार. आमच्याकडं काठावर नाव घेत न्हाईत म्हणले. सर चष्मा काढून बसले. त्यांना दुःख झालं होतं हे मला दिसत होतं, पण कागद पुढं जाणार तिथं बसलेल्यांना आमचा काठ माहीत न्हाई. मी म्हणले, आत्ता घेते की नाव, हितं घेते, शंभरदा घेते. ते म्हणाले, हितं पाखरू न्हाई. माणिकराव पान लावत बसले होते. म्हणाले, "दोघी म्हंजी कुनीबी. माझ्या गोठ्यात दोन म्हशी हायेत, त्याबी दोघीच."

आजूबाजूचे हसले. मी मेल्याहून मेल्यागत झाले. दोन संध्याकाळी उरल्या होत्या.

घरी आल्यावर माझा तोल गेला. एवढे दिवस गाळ तुडवला, टाचा फुटल्या अन् सगळं मातीत. नागसेननी आगीत तेल ओतलं. म्हणाले, "समाजमंदिरात बावीस प्रतिज्ञा आईइतक्या मोठ्यानं कुनी म्हनत न्हाई, अन् भिती कुनाला, तर पाखराला."

आत्याबाई चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड आत सारलं.

"तुज्या बापाला मी मारलं," ती म्हणाली.

नागसेन उठून उभे राहिले. ती त्यांच्याकडं न बघता सांगत गेली. वीस वर्षं झाली. भादव्याचे दिवस. सासरे पात्रातली पाण्याची मोटर काढायला उतरले होते अन् वरून पाणी सुटलं. ती काठावर होती. ओ, अहो, ऐकलं का, अशा हाका मारत राहिली. पाण्याच्या त्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना, पाठमोरे होते, मोटरचा नट काढत होते. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं न्हवतं. उखाण्यातबी न्हाई. त्या दिवशी घेतलं. भगवानराव, म्हणून ओरडली. ते वळले, पाणी बघितलं, मोटर टाकून काठाला आले, छातीइतक्या पाण्यातून जिवंत आले. अन् तिनं वर बघितलं तर सादड्यावर ते बसलेलं, दिवसाढवळ्या.

"आठव्या दिवशी तापात गेले," ती म्हणाली. "डाक्टर म्हनला पानी छातीत गेलं. डाक्टरला काय म्हाईत."

नागसेनना हे माहीत न्हवतं. बाप तापानं गेला एवढंच त्यांना ठाऊक. ते भिंतीला टेकून तसेच खाली बसले. मला रडू आलं, माझा सगळा राग गेला, अन् तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, नाव घेतलं नसतं तर मामंजी त्याच दिवशी गेले असते. आठ दिवस तुमीच दिले त्यांना."

तिनं लाकूड बाहेर ओढलं अन् पाणी मारून विझवलं. अजून भाकरी व्हायची होती, हे तिच्या ध्यानातच न्हवतं.

मी ठरवलं, म्हातारीला ताप द्यायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणवाडीतल्या सविताला घेऊन गेले. सविता नाव घ्यायला तयार होती, तिचं माहेर दूरचं. पण आमी दोघी मुळीपाशी कुडकुडत बसलाव, पार दिसेनासं झालं, पाखरू काय आलं न्हाई. सविताला शिंक आली, नंतर तिचा फोन वाजला. मग उठलाव.

आत्याबाई दारातच उभी होती. एकच विचारलं, वारं कुठलं होतं? मी म्हणले, गावाकडचं.

"मंग कसं येईल? गावाचा धूर काठावर उतरला की ते खालच्या मुळीवर बसतं. तुमी वरच्या मुळीपाशी बसल्या आसाल." आत जाता जाता म्हणाली, "उद्या मी येती."

"अन् नावाचं?"

"येती म्हनलं ना."

एकतीस तारखेला ती दुपारीच तयार. लुगड्याचा काचा मारला, डालगं घेतलं, आकडी घेतली, गळ्यात सरांची दुर्बीण. जाताना तिनं ट्रंकेची किल्ली कडदोऱ्यातून सोडून माझ्यापुढं ठेवली. मी बघितलं अन् न बघितल्यासारखं केलं. नागसेननी ऑटो लवकर आणला होता. ते उतारापर्यंत आले, आई पुढं गेली तरी तिथंच उभे राहिले.

खालच्या मुळीपाशी ती गुडघाभर पाण्यात उतरली. पाणी बर्फ होतं. बिळात हात घालून दोन खेकडे काढले, एकाची पाठ दगडावर फोडली अन् तो तिथल्याच सपाट दगडावर ठेवला. म्हणाली, मी दर साली त्याचा वाटा ठेवते, तूच कधी बघितलं न्हाई. दिवस बुडाला. टिटव्या ओरडून गप झाल्या. माझी बोटं यंत्रावर आखडली होती.

पाखरू आलं. दगडापासून चार हातांवर मुळीवर बसलं, पिवळे डोळे आमच्याकडं. मी कळ दाबली. तारीख सांगितली. ठिकाण सांगितलं. म्हणले, "मी बबिता नागसेन हनवते." अन् सांगते, चौदा वर्षांत काठावर पहिल्यांदा माझं नाव माझ्याच कानावर पडलं तवा माझी जीभ जड झाली. बारावी झालेली मी.

मी यंत्र आत्याबाईपुढं धरलं. तिनं तोंड उघडलं, आवाज न्हाई. पुन्हा उघडलं. यंत्रात नुसतं पाणी वाजत होतं. पाखरानं मान फिरवली, आता उडणार असं मला वाटलं. मी मनात म्हणले, ऱ्हाऊ द्या आत्याबाई, जाऊ द्या ती झाडं.

तिनं आकडी पाण्यात सोडून दिली अन् सरळ उभी राहिली.

"मी चांगुणाबाई भगवानराव हनवते," ती म्हणाली. आवाज फाटका होता, पण मोठा होता. "हितलीच हाय. खेकडे धरती. हे पाखरू माज्या वळखीचं हाय, चाळीस वर्सं झाली. तिसऱ्या झाडात त्याचं लेकरू हाय."

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण ती पाण्याकडं तोंड करून अजून एकदा म्हणाली, यंत्रासाठी न्हाई, "भगवानराव." पलीकडच्या काठावरून ते नाव घुमून परत आलं. मी डोळे मिटून घेतले.

हुम्म, पाखरू म्हणालं. हुम्म, हुम्म. जागचं हललं न्हाई.

वर उतारावर नागसेन तसेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. आईच्या हातातलं डालगं घेतलं अन् घरापर्यंत तिच्या मागं मागं चालले.

सकाळी सरांनी व्हरांड्यात लावलं. माणिकराव आले होते, आणखी बरेच लोक आले होते. आत्याबाईचा आवाज आला, पहिल्यांदा तिच्या नावाचा अन् मग भगवानरावाच्या हाकेचा. कुणी हसलं न्हाई. या गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं काठावर नाव घेणं म्हणजे काय. माणिकरावांच्या हातात पान तसंच राहिलं. ते म्हणाले, "वयनी, भगवानरावाचं नाव वीस वर्सांत कानावर न्हवतं आलं." मग सरांना म्हणाले, कागद करा, घाट खालच्या अंगाला घेऊ, बाभळी तोडायला मी माणसं देतो. वयनी हा शब्द त्यांनी बौद्धवाड्यातल्या कुणाला लावलेला मी तरी पहिल्यांदा ऐकला.

काम फत्ते झालं, पण घरात कुणाला गोड लागलं न्हाई. आठ दिवस जायचे होते. आत्याबाई काही बोलत न्हवती, भाकरी थापायची, झाडलोट करायची, फक्त काठावर जात न्हवती. ट्रंकेची किल्ली माझ्याजवळच. पाचव्या दिवशी तिला पडसं झालं, सहाव्याला कणकण. गार पाण्यात उभी राहिली होती, दुसरं काय होणार, असं मीच सगळ्यांना सांगत होते अन् मीच रात्री तीनतीनदा उठून तिच्या नाकापुढं हात धरत होते. नागसेननी ऑटो काढला न्हाई. मोठे प्रतिज्ञावाले, आईच्या खाटेपाशी बसून दिवस मोजत होते. तिला डॉक्टरकडं नेलं, गोळ्या आणल्या. सातवा गेला. आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं पातळ वरणाचे दोन घास खाल्ले अन् भिंतीकडं तोंड करून झोपली.

नवव्या दिवशी मला जाग आली तर उजाडलेलं. खाट रिकामी. अंगणात न्हाई, न्हाणीत न्हाई. नागसेन अनवाणीच उतारानं पळाले, त्यांच्या मागं मी, फुटक्या टाचांनी.

उताराच्या निम्म्यात आलाव अन् खालून हाक आली. नुसती ए न्हाई, ओ न्हाई. सादड्यापासून पार गावापर्यंत जाईल अशी.

"बबिताऽ! अगं बबिता! डालगं आन, खेकडे लय निगायलेत!"

धुण्यावरच्या बायांचे हात जागच्या जागी थांबले. मी डालगं आणायला माघारी पळाले.